पार्कलँड कोर्सवर झाडांशी भांडू नका, आणि इतर काही चुका

टीव्हीवर ब्रिटिश ओपन गोल्फ बघून आलेला नवखा लगेच ओळखू येतो. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) चाळीस यार्ड अलीकडून तो बॉल घरंगळत न्यायला जातो आणि बॉल दहा यार्डांवर गवतात बसतो. समुद्राकाठच्या लिंक्स कोर्सची जमीन वाळूची, कडक. तिथे हे जमतं. पार्कलँड म्हणजे आतल्या भागातला, झाडांच्या रांगांमधून काढलेला, पाणी घालून जपलेला मऊ हिरवा कोर्स. येरवडा किंवा चेंबूरला खेळणाऱ्यांना साधारण हाच प्रकार माहीत असतो. इथे बॉल उचलून टाकायचा.

पण माझा खरा राग झाडांमधल्या हिरोगिरीवर आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. पार फोर, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल. ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, उजवीकडे, बॉल थेट रेन ट्रीखाली. समोर दोन खोडांमध्ये हातभर फट, पलीकडे झेंडा दिसतोय. बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "साहेब, बाजूला काढा." मी पाच नंबर आयर्न काठी मागितली. पहिला फटका खोडावर आपटून माझ्याच मागे गेला. दुसरा फांदीला लागून पायाशी पडला. तिसऱ्याच्या वेळी कॅडी दुसरीकडे बघत होता. कार्डावर नऊ.

अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबच्या सतराव्या होलवरच्या पाइनने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना इतकं छळलं की १९५६ मध्ये त्यांनी क्लबच्या बैठकीत ते तोडायची सूचना केली. झाड तसंच राहिलं, पडलं ते २०१४ च्या हिमवादळामुळे. राष्ट्राध्यक्षांचं जिथे चाललं नाही, तिथे आपण कोण?

तेव्हापासून झाडीत शिरताना मी फक्त सात नंबर हातात घेतो, बाकी बॅग बाहेरच. बॉल मागच्या पायाजवळ, अर्धा स्विंग, आणि सगळ्यात रुंद वाट. ती उलट्या दिशेला असली तरी तीच. तेही जमत नसेल तर बॉल अनप्लेएबल, म्हणजे खेळता न येण्याजोगा, जाहीर करा: एक पेनल्टी फटका, होलच्या जवळ न जाता दोन क्लबलेंथमध्ये (दोन काठ्यांच्या लांबीत) गुडघ्याच्या उंचीवरून बॉल ड्रॉप. लाज वाटायचं कारण नाही. मुळाला टेकलेल्या बॉलवर जोर काढाल तर मनगट महिनाभर आठवण देईल.

प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला तर म्हणून राखीव बॉल, न मारता शोधायला धावणं, हा दुसरा रोग. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच होती. बॉल झाडीत गेला की मागच्या गटाकडे वळून बघा, 'प्रोव्हिजनल' हा शब्द मोठ्याने म्हणा आणि दुसरा बॉल मारूनच निघा.

अरुंद होलवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, काढलाच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही.

पावसाळ्यात बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या वाटेवर) आणि रफमध्येही (बाजूच्या वाढलेल्या गवतात) फुकट ड्रॉप मिळतो. तरी लोक चिखल उडवत बसतात.

ग्रीनवरचा पिचमार्क, म्हणजे बॉल पडून झालेला खळगा, मात्र खालून उचकटू नका, मुळं तुटतात. कडा मध्याकडे ढकला, वरून पटरने, ग्रीनवर वापरायच्या काठीने, दाबा. मी स्वतःचा एक आणि मागे कुणीतरी सोडलेला एक बुजवतो, शिव्या देत.