आधी खुर्चीचं पेडल, मग कंगवा

पार्लरमध्ये ब्लो-ड्राय करताना कोपर खांद्याच्या वर गेलं की मान आखडणारच. हात असा उचलून धरला की खांद्याच्या स्नायूंना सैल पडायला उसंतच मिळत नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक बसल्याबरोबर पेडल दाबून खुर्ची तिच्या उंचीप्रमाणे खाली-वर करा. टाळूवरचे केस सेट करताना तर अजून खाली घ्या. घाईच्या दिवशीही हे टाळू नका. थ्रेडिंगला तिचं डोकं मागे टेकवा, म्हणजे दोरा दातात धरून तुम्हाला फार वाकावं लागणार नाही. मधे वेळ मिळाला की भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात भिंतीला घासत सावकाश पाच-सहा वेळा वर-खाली न्या. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.