पंधरा ग्रॅमच्या वस्तूला किलोचे पैसे: हलकं टपाल पाठवताना या चुका टाळा

मी घरी कानातली बनवते. एका जोडाचं वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. पहिला जोड पुण्याहून नागपूरला पाठवला तेव्हा कुरिअरवाल्याने एक किलोचे पैसे लावले. मला वाटलं, काटा बिघडलाय. काटा व्यवस्थित होता, घोळ माझ्या खोक्याचा होता.

घरात मिठाईचं रिकामं खोकं पडलं होतं, २५ बाय २० बाय १० सेंटीमीटरचं. त्यात कागदाचे बोळे कोंबले, मधोमध कानातली ठेवली आणि किती छान पॅकिंग केलं म्हणून खूश झाले. कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागतात. येईल ते किलो. माझ्या खोक्याचं उत्तर बरोबर एक आलं. खरं वजन आणि हे जागेचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे पडतात. शिवाय अनेकांचा पहिला टप्पाच अर्ध्या किलोचा असतो, म्हणजे खोकं लहान केलं तरी पंधरा ग्रॅमला पाचशे ग्रॅमचा दर. तेव्हा न फुटणाऱ्या हलक्या वस्तूला खोकं नकोच. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत दाबून चपट्या पाकिटात घाला.

दुसरी चूक वजनाची. वस्तू मोजतो, पण पाकीट, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि "मनःपूर्वक आभार"चं जाडजूड कार्ड मोजतच नाही. स्पीड पोस्टचे १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर पाहा. ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि गावाबाहेर भारतात कुठेही ४७. ५१ व्या ग्रॅमला मात्र अंतर मोजलं जातं: पुणे-नागपूर ६८ रुपये, २००० किलोमीटरच्या पुढे ७७. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एका कार्डापायी नागपूरच्या पाकिटाला २१ रुपये जास्त. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पाकीट बंद करायच्या आधी काढा. ४६-४७ वर थांबायचं. पोस्टातला काटा आपल्या काट्याशी ग्रॅमभर भांडतोच.

हे दर कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे आहेत. वस्तूंसाठी स्पीड पोस्ट पार्सल वेगळं आणि त्याचा दरही वेगळा. खिडकीवर आत काय आहे ते खरं सांगा आणि दर विचारूनच पैसे काढा. तुम्ही विद्यार्थी असाल तर स्पीड पोस्टवर १० टक्के सवलत आहे, ती मागून घ्यावी लागते.

"रजिस्टर करून द्या" ही सवय आता सोडा. वेगळं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं. खुद्द त्याच माणसाच्या हाती पडायला हवं असेल तर पाच रुपये आणि जीएसटी भरून स्पीड पोस्टालाच नोंदणीची जोड मिळते. ओटीपी दाखवून वाटप हवं असेल तरी तेवढेच पैसे. पण ते आत्याबाईंना लावू नका. पोस्टमन दारात उभा, फोन देवघरात, आणि फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नको असं तुम्हीच त्यांना बजावलेलं.

आता साध्या टपालाबद्दल, कारण खरी बचत तिथे आहे आणि खरा घोटाळाही. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला २ रुपये. ४८ ग्रॅमचं पाकीट ९ रुपयांत जातं, तेच कागदपत्रांच्या स्पीड पोस्टने जीएसटीसकट साधारण ५५ मध्ये. दहा पाकिटांमागे साडेचारशेहून जास्त रुपये वाचतात. म्हणजे शंभर रुपयांच्या वस्तूंची दहातली चार पाकिटं हरवली तरी तुम्ही नफ्यातच! असा हिशेब करून मी एका मोसमात सगळं साध्या टपालाने पाठवलं. एका बाईंकडे कोपरा फाटलेलं रिकामं पाकीट पोचलं. मी दुसरा जोड पाठवला, पण त्यांनी पुन्हा काही मागवलं नाही. तेव्हापासून साधं टपाल फक्त मैत्रिणींसाठी, राख्यांसाठी आणि बुकमार्कांसाठी. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला ट्रॅकिंग नंबर हवाच.

त्यातही अंदाजाने तिकीट चिकटवू नका. कमी पडलं की पत्र बेअरिंग होतं, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करायची जुनी पद्धत आहे. राखीसाठी भावालाच भुर्दंड! अंतर्देशीय पत्रात तर काहीच घालायचं नसतं, ते त्यावर छापलेलंच असतं. ओवाळणीची नोटही पाकिटात नको.

छोटी पुस्तिका पाठवत असाल तर १ मे २०२५ ला सुरू झालेलं ज्ञान पोस्ट विचारा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर, आणि ट्रॅकिंगही मिळतं. जाहिरातीची पत्रकं मात्र त्यात चालत नाहीत.

राख्या श्रावणात जातात, म्हणजे भर पावसात. जेल पेनने लिहिलेला पत्ता पोचेपर्यंत निळा डाग होतो. बॉलपेनने लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, आतली राखी प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्टेपलर नको, पोस्टमनच्या बोटांना लागतो आणि शेजारची पाकिटं फाडतो. पिनकोड आठवणीतून लिहू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या योजनेतून आलेले हे सहा आकडे एका अंकाने चुकले की पाकीट भलत्याच पोस्टात फिरून येतं. पाठवणाऱ्याचा पत्ताही हवा, नाहीतर न पोचलेलं परत कोणाकडे यायचं?

परदेशी पाठवताना आत वस्तू असेल तर सीमाशुल्काचा फॉर्म लागतो. पत्र म्हणून सरकवायचा प्रयत्न करू नका.

आणि संक्रांतीला शुभेच्छापत्रातून हलवा पाठवणाऱ्यांसाठी: पुडी तिकिटाखाली येऊ देऊ नका. पोस्टाचा ठसा तिकिटावर, म्हणजे उजव्या वरच्या कोपऱ्यावर, दणकन बसतो आणि काटेरी हलव्याची पिठीसाखर होते. पुडी पसरून चपटी करा आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात आतून चिकटवा.