एसक्यूएल सर्व्हरमधली स्टोअर्ड प्रोसिजर: डीबग करताना आणि सांभाळताना या चुका टाळा

मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हरवर क्वेरी चालवायच्या साधनात) हाताने चालवली की स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे सर्व्हरवरच साठवलेला एसक्यूएल कोड, झटकन उत्तर देते, ॲप्लिकेशनमधून मात्र टाइमआउट होते. अशा वेळी घाईघाईने नवे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) घालणं किंवा सगळीकडे नोलॉक (लॉकची वाट न पाहता वाचण्याची सूचना) लावत सुटणं ही पहिली चूक. नोलॉकमुळे कमिट न झालेला, म्हणजे अजून पक्का न केलेला डेटा वाचला जातो, काही ओळी सुटतात, काही दोनदा येतात. वेगाचा प्रश्न तिथेच राहतो आणि वर आकडेही चुकू लागतात.

आधी दोन्हीकडची सेटिंग्ज जुळवा. मॅनेजमेंट स्टुडिओ 'अरिथअबॉर्ट' (गणिती चूक आली की क्वेरी थांबवायची का, हे ठरवणारं सेटिंग) ऑन ठेवतो, डॉटनेटच्या कनेक्शनमध्ये ते ऑफ असतं. त्यामुळे एकाच प्रोसिजरचे कॅशमध्ये दोन वेगळे प्लॅन (क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवायची याचे आराखडे) तयार होतात आणि तुम्ही तपासत बसता तो प्लॅन ॲप्लिकेशन वापरतच नाही. क्वेरी विंडोत 'सेट अरिथअबॉर्ट ऑफ' चालवा, ॲप्लिकेशनने पाठवलेलीच पॅरामीटरची मूल्यं द्या, मग प्रोसिजर चालवा. बहुतेक वेळा ती तुमच्याकडेही रखडते, आणि तिथून खरा तपास सुरू होतो.

रखडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पॅरामीटर स्निफिंग. पहिल्यांदा आलेल्या मूल्यावर प्लॅन बेततात आणि पुढे तोच वापरत राहतात. चाळीस नोंदींच्या शाखेसाठी बनलेला नेस्टेड लूपचा (एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोधणारा) प्लॅन लाखो नोंदींच्या शाखेला पेलत नाही. ॲक्च्युअल एक्झिक्युशन प्लॅनमध्ये सर्वांत डावीकडच्या सिलेक्टवर क्लिक करून प्रॉपर्टीजमधली पॅरामीटर लिस्ट उघडा. तिथलं कंपाइल्ड व्हॅल्यू आणि रनटाइम व्हॅल्यू वेगळं असेल आणि अंदाजे ओळी व प्रत्यक्ष ओळींत मोठी तफावत असेल, तर निदान झालं. उपाय त्या एका स्टेटमेंटपुरता ठेवा: शेवटी 'ऑप्शन रीकंपाइल' लावा, म्हणजे दर वेळी नवा प्लॅन बनतो. सेकंदाला शेकडो वेळा चालणाऱ्या स्टेटमेंटला मात्र हा उपाय नको, कारण दर वेळी कंपाइल करण्यात सीपीयू जातो. तिथे क्वेरी स्टोअरमधून (सर्व्हर क्वेरींचे जुने प्लॅन आणि वेळा जिथे साठवतो तिथून) चांगला प्लॅन सक्तीचा करा. ही सोय 2016 च्या आवृत्तीपासून आहे. चालू सर्व्हरवर 'फ्री प्रॉककॅश' सरसकट चालवू नका. त्याने सगळ्या डेटाबेसचे प्लॅन पुसले जातात, सीपीयू अचानक चढतो आणि हातातला पुरावाही जातो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ट्राय-कॅच (एरर आली की कॅचमधला कोड चालवणारी रचना) लिहिलं म्हणजे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारा गट) सुरक्षित झालं, हा समज. डॉटनेटमध्ये कमांडचा टाइमआउट मुळात 30 सेकंद असतो. तो संपला की क्लायंट सर्व्हरला थांबण्याचा इशारा देतो आणि बॅच जागच्या जागी तुटते. कॅच ब्लॉक चालतच नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने एरर आलेलीच नसते. ट्रान्झॅक्शन उघडं राहतं, लॉक तसेच राहतात, आणि ते कनेक्शन पूलमधून (ॲप्लिकेशनने राखून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून) पुन्हा वापरात येईपर्यंत बाकीचे त्या लॉकमागे अडकतात. 'सिस डीएम एक्झेक सेशन्स' या सेशनची यादी देणाऱ्या सिस्टिम व्ह्यूमध्ये स्लीपिंग (काहीच चालवत नसलेलं) असूनही उघड्या ट्रान्झॅक्शनची संख्या शून्यापेक्षा जास्त असलेलं सेशन शोधा. तेच बहुधा मूळ असतं.

म्हणून डेटा बदलणाऱ्या प्रत्येक प्रोसिजरच्या सुरुवातीला 'सेट नोकाउंट ऑन' आणि 'सेट एक्सॅक्ट_अबॉर्ट ऑन' (XACT_ABORT) या दोन ओळी हव्यातच. पहिलीमुळे किती ओळींवर परिणाम झाला याचे संदेश थांबतात. दुसरीमुळे टाइमआउट झाला तरी सर्व्हर स्वतः रोलबॅक करतो, म्हणजे अर्धवट बदल मागे घेतो. कॅचमध्ये आधी ट्रॅनकाउंट (उघड्या ट्रान्झॅक्शनची संख्या) शून्यापेक्षा जास्त आहे का पाहून रोलबॅक करा, मग थ्रो वापरून तीच एरर पुढे पाठवा. या दोघांमध्ये अर्धविराम विसरू नका. 'रोलबॅक ट्रान्झॅक्शन' नंतर अर्धविराम नसेल तर सर्व्हर 'थ्रो' हे ट्रान्झॅक्शनचं नाव समजतो आणि मूळ एरर हरवून 6401 ही भलतीच एरर समोर येते. रिकामा कॅच ब्लॉक तर लिहूच नये. त्यात गिळलेली एरर महिन्यांनी चुकीच्या शिलकेच्या रूपात सापडते.

लॉग टेबलात लिहिलेल्या ओळीही रोलबॅकबरोबर जातात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात. टेबल व्हेरिएबलवर (प्रोसिजरमध्येच जाहीर केलेल्या तात्पुरत्या टेबलावर) मात्र रोलबॅकचा परिणाम होत नाही. टप्प्यांची नोंद त्यात ठेवा आणि रोलबॅकनंतर ती लॉग टेबलात उतरवा.

प्रिंटचे संदेश बफरमध्ये साठतात, त्यामुळे लांबलेल्या प्रोसिजरमध्ये ते उशिरा दिसतात. त्याऐवजी संदेश किंवा एरर पाठवणाऱ्या रेझररला (RAISERROR) सिव्हिरिटी, म्हणजे गांभीर्याची पातळी, 0 देऊन 'विथ नोवेट' लावा, संदेश त्याच क्षणी येतो. मॅनेजमेंट स्टुडिओतला डीबगर (कोड एकेक पायरीने चालवून पाहायची सोय) 18 व्या आवृत्तीपासून काढला आहे. व्हिज्युअल स्टुडिओत तो मिळतो, पण चालू सर्व्हरवर वापरू नका. ब्रेकपॉइंटवर थांबलेलं ट्रान्झॅक्शन लॉक धरून बसतं.

लूपमध्ये सिलेक्टने व्हेरिएबलला मूल्य देत असाल तर एक सापळा आहे. ओळ सापडली नाही तर व्हेरिएबल नल होत नाही, मागच्या फेरीचं मूल्य तसंच राहतं, आणि एका ग्राहकाची सवलत दुसऱ्याला लागते. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला व्हेरिएबल नल करा किंवा सेट वापरून सबक्वेरी लिहा.

लांबी न देता व्हारचार पॅरामीटर लिहिलं तर त्यात एकच अक्षर मावतं, आणि एररही येत नाही. देवनागरी मजकुराला एनव्हारचार लागतं आणि कोडमधल्या स्ट्रिंगच्या आधी एन हे अक्षर लागतं. ते राहिलं की टेबलात 'पुणे'च्या जागी प्रश्नचिन्हं जातात, आणि एकदा गेलेला मजकूर परत मिळत नाही.

बदल चढवताना ड्रॉप करून पुन्हा क्रिएट करू नका, दिलेल्या परवानग्या जातात. 2016 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून 'क्रिएट ऑर अल्टर' आहे, त्यात प्रोसिजर असेल तर बदलते, नसेल तर बनते. 'एसक्यूएलसीएमडी' या कमांड लाइन साधनाने स्क्रिप्ट चालवत असाल तर कॅपिटल आय (-I) हा स्विच द्या. तो नसेल तर क्वोटेड आयडेंटिफायर (दुहेरी अवतरणांतला मजकूर नाव मानायचा की स्ट्रिंग, हे ठरवणारं सेटिंग) ऑफ राहतं, ते सेटिंग प्रोसिजरबरोबरच साठवलं जातं, आणि फिल्टर्ड इंडेक्स (अटीत बसणाऱ्या ओळींपुरता इंडेक्स) असलेल्या टेबलात लिहिताना 1934 ही एरर येते. ॲप्लिकेशनकडून सेटिंग बदलून ती जात नाही. योग्य सेटिंगसह प्रोसिजर पुन्हा चढवावी लागते.