मोरचुदाची जलयोजन एन्थाल्पी हेसच्या नियमाने कशी मोजावी

पांढऱ्या निर्जल (पाणी नसलेल्या) कॉपर सल्फेटवर पाणी टाकले की ते निळे पडते, म्हणजेच त्याचा स्फटिकात पाणी धरलेला मोरचूद बनतो, आणि तापते. एका मोलमागची ही उष्णता म्हणजे जलयोजन एन्थाल्पी; ती थेट मोजायला गेल्यास फसगत होते. एका मोलला बरोबर पाच मोल पाणी दिले तरी पूड सगळीकडे सारखी भिजत नाही, थोडी विरघळते, थोडी कोरडी राहते. शिवाय ओलसर गोळ्याचे तापमान थर्मामीटरला धड कळत नाही. म्हणून वळसा घ्यायचा. हेसच्या नियमानुसार (१८४०) एन्थाल्पीतला बदल वाटेवर अवलंबून नसतो. निर्जल क्षार आणि मोरचूद वेगवेगळे विरघळवून शेवटी एकच द्रावण मिळवले, तर दोन्ही विद्रावण एन्थाल्पींची वजाबाकी हेच उत्तर.

साहित्य: बीकरमध्ये बसवलेला झाकणाचा थर्मोकोल कप, ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा थर्मामीटर, ०.०१ ग्रॅमचा तराजू, स्टॉपवॉच, ढवळणी, चष्मा.

पहिला प्रयोग निर्जल क्षाराचा. ३.९९ ग्रॅम (०.०२५ मोल) पूड बंद बाटलीत तोलून ठेवा. कपात ५०.० ग्रॅम पाणी घ्या आणि दर मिनिटाला तापमान नोंदवा. तीन नोंदी झाल्या की चौथ्या मिनिटाला वाचन न घेता पूड टाका. ती थोडी थोडी, पण भरभर टाकून सतत ढवळा. एकदम ओतली तर तळाशी खडा धरतो. पुढे दहाव्या मिनिटापर्यंत नोंदी घ्या. आलेख काढून नंतरची उतरती रेघ मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा आणि तिथलाच फरक धरा. नुसते सर्वोच्च वाचन घेतले तर तोवर निसटलेली उष्णता हिशेबात येत नाही.

दुसरा प्रयोग तसाच, पण ६.२४ ग्रॅम मोरचूद घेऊन. त्यात २.२५ ग्रॅम स्फटिकजल असते, म्हणून पाणी ४७.७५ ग्रॅमच घ्या. नाहीतर दोन्ही द्रावणे एक राहत नाहीत. खडे खलात बारीक कुटा. जाड खडे हळू विरघळतात, तेवढ्यात खोलीची उष्णता आत शिरते आणि आधीच जेमतेम असलेली घट आणखी कमी दिसते.

समजा, तापमान पहिल्यात ७.६ अंश वाढले, दुसऱ्यात १.३ अंश घटले. दोन्हीकडे पाणी ५० ग्रॅम आणि पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरून (उष्णता बाहेर पडली तर ऋण, शोषली तर धन):

५० × ४.१८ × ७.६ = १५८८ जूल; ०.०२५ ने भागून −६३.५ किलोजूल प्रति मोल
५० × ४.१८ × १.३ = २७२ जूल; म्हणजे +१०.९
जलयोजन: −६३.५ − (+१०.९) = −७४.४ किलोजूल प्रति मोल

प्रमाणित मूल्य सुमारे −७८ आहे. चिन्हांची गल्लत इथे हमखास होते: दुसरी संख्या धन आहे आणि ती वजा करायची आहे.

मोरचुदाच्या वाचनात ०.२ अंशाची चूक म्हणजे तब्बल १५ टक्के, पण अंतिम उत्तरात ती जेमतेम १.७ किलोजूलची. खरी काळजी निर्जल पुडीची घ्यावी. ती हवेतला ओलावा ओढते. निळसर झाक दिसली तर थोडे जलयोजन आधीच झाले आहे आणि उत्तर कमी येणार. मोरचूद तापवून ती स्वतः करत असाल तर मंद आचेवर ढवळत राहा आणि डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. पूड काळवंडली तर क्षाराचेच विघटन होऊन कॉपर ऑक्साइड झाले, ती फेकून द्या. उरलेले द्रावण मोरीत ओतू नका, जलचरांना ते विषारी असते.