एचआयव्ही आणि गुप्तरोगांच्या औषधांबाबत या चुका टाळा

शुक्रवारी रात्री कंडोम फाटला. शनिवारी सकाळी त्या मुलाने एचआयव्हीची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली आणि तो निर्धास्त झाला. माझ्यासमोर आला तो बुधवारी. चार घड्या घातलेला रिपोर्ट टेबलावर सपाट करत म्हणाला, "मॅडम, पण निगेटिव्ह आहे ना?"

संसर्ग टेस्टमध्ये दिसायला काही आठवडे जावे लागतात. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आदल्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. पेपच्या, म्हणजे धोक्याच्या संबंधानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. याचे शंभरावर तास उलटून गेले होते. तपासण्या करत वाट पाहण्याखेरीज त्याच्या हाती काही उरलं नाही. म्हणून समुपदेशनात मी एकच धोशा लावते: मित्रांना नंतर विचारा, मोबाईल नंतर चाळा, आधी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जा.

पेपचा कोर्स २८ दिवसांचा. मळमळतं म्हणून दहाव्या दिवशी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. गोळ्यांत डोल्युटेग्रॅविर असेल तर अँटासिड सोबत घेऊ नका. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या.

मित्राच्या डबीतून प्रेप, म्हणजे संबंधाआधीपासून एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या, सुरू करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. आधीच संसर्ग असेल तर प्रेपमधली दोन औषधं त्याला पुरत नाहीत आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि किडनीची तपासणी, मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची टेस्ट. आणि प्रेपने गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) अडत नाहीत.

गरमी तर फार फसवी. फोड दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो. लोक मेडिकलमधून मिळालेली कुठलीतरी अँटिबायोटिकची पट्टी संपवतात आणि फोड गेला की श्रेय गोळ्यांना देतात. जंतू आतच असतो. पुढे डोळे, मेंदू, हृदय गाठू शकतो. यावर खात्रीचं औषध बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. सुरुवातीच्या गरमीला बहुधा एकदाच पुरतं, पण सुई नको म्हणून पळवाट शोधणारे आठवड्याला भेटतात.

उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक दिली असेल तर भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका.

जोडीदाराला मात्र सांगाच. त्याचा उपचार झाला नाही तर तोच परमा महिन्याभरात परत येतो आणि माणूस मला विचारतो, "औषध लागू पडलं नाही का?"