गोव्यात येताना आरी-रापी आणलीत, ठीक; चामडं कुठे ठेवणार?

फोंड्यात येऊन मला 14 वर्षं झाली. नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, आणि सुट्टीच्या दिवशी गॅलरीत पाटावर बसून, आरीने भोकं पाडत आणि रापीने चामडं तासत, पाकिटं, पट्टे, क्वचित एखादी पिशवी शिवायची. माझ्यासारखाच नाद असलेलं कुणी ना कुणी दरवर्षी पुण्या-साताऱ्याकडून बदली होऊन येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "काका, इथे चामडं मिळतं कुठे?" हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न, ते ठेवणार कुठे.

पहिल्या वर्षी मे महिन्यात मी बेळगावहून व्हेज टॅन चामड्याची एक बाजू, म्हणजे अर्धं कातडं, आणली होती. 22 चौरस फूट, साडेचार हजारांची. ऑफिसातल्या लोकांनी दिवाळीसाठी पाकिटं सांगितली होती. पाऊस लागेल म्हणून शहाणपणा करून ती गुंडाळी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली आणि तळमजल्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली. चतुर्थीला सुट्टी मिळाली तेव्हा उघडली. वास आधी आला, मग हिरवी-पांढरी बुरशी दिसली. जिथे कपाटाचा गंजका पत्रा लागला होता तिथे निळे-काळे डाग. बुरशी पुसता आली, पण दाणा, म्हणजे चामड्याचा वरचा पोत, खडबडीत झाला तो झालाच. पाकिटं झाली नाहीत, आणि लोकांकडून घेतलेली आगाऊ रक्कम परत करताना जे वाटलं ते वेगळंच.

कारण समजून घ्या, म्हणजे ही चूक होणार नाही. व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या सालीने, हिरड्या-बाभळीने कमावलेलं कातडं. ते हवेतला ओलावा पितं. दमटपणा 70 टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आमंत्रणच, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर तो त्याच्या खाली यायला तयारच नसतो. प्लास्टिकमध्ये आत अडकलेली ओल बाहेर जात नाही. डागांचं कारण वेगळं: लोखंड आणि सालीतलं टॅनिन एकत्र आलं की शाईसारखा रंग होतो. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस हलका लावला की फिका पडतो. जुना असेल तर तो भाग जोडाच्या आत लपवा.

म्हणून प्लास्टिक नको. पुन्हा सांगतो, प्लास्टिक नको. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळा, लाकडी कपाटात भिंतीपासून चार बोटं लांब उभं ठेवा आणि आत एक 15 वॅटचा पिवळा बल्ब जळता ठेवा. कॅमेरेवाले आणि जुनी गोंयकार घरं हेच करतात. बल्ब चामड्याला टेकू देऊ नका. दर रविवारी बाहेर काढून पंख्याखाली अर्धा तास धरा. खोबरेल लावू नका. घरात आहे म्हणून हात जातो, पण कातडं काळं पडतं आणि पुढे खवट वास मारतं. मी मधमाशीचं मेण आणि भिरंडेल, म्हणजे आपलं कोकमतेल, मंद आचेवर एकत्र वितळवून वापरतो. भिरंडेल बाजारात भेगाळलेल्या टाचांसाठी मिळतंच. आरी, रापी, सुया यांना तेलाचं बोट लावून ठेवा. समुद्राची हवा एका रात्रीत गंज आणते.

आता चामडं. गोव्यात कमावणारा कारखाना मला सापडला नाही, तेव्हा बाहेरूनच आणायचं. चोर्ला घाटाने बेळगाव सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं आहे. जाड, टणक, थोडं ओबडधोबड, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं चामडं तिकडे मिळतं. पट्ट्याला, म्यानाला उत्तम. मऊ क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं, धारावीतून मागवा. पण त्यावर नक्षी ठोकायला जाऊ नका, ठसा धरत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. कुणी औंस म्हटलं तर एक औंस म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटर. आणि बिल घ्या. दोन राज्यांच्या सीमेवर, चेकनाक्यावर, गुंडाळी बघून 'हे कसलं कातडं' असं विचारणारा भेटतोच, आणि तेव्हा बिलात म्हैस की बकरी हे लिहिलेलं असलेलं बरं.

दोरा, बकल, रिव्हेट यांचं फार सांगत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरा, सोफा शिवणाऱ्यांच्या दुकानात विचारा, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात वळलेला नायलॉन दोरा बघा. दुपारी एक ते चार कुठेही जाऊ नका. शटर खाली असतं, आणि त्यावर चिडणारा माणूस नवा आहे हे लगेच कळतं.

सोबतीबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. आपली मराठी मंडळी गोव्यात आली की आधी आपलीच मंडळी शोधतात. गणपती, कोजागरी, नाटकाची तिकिटं, सगळं छान. पण हात काळे करायला कुणी तयार नसतं. वर 'हा कसला छंद?' असं नाक मुरडून विचारणारेही त्यातच असतात, आणि त्या नाक मुरडण्याच्या मागे काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे. मला शिकवलं ते बसस्टँडजवळ बसणाऱ्या विजापूरकडच्या एका काकांनी. मी बाहेरून महागडा टूल संच मागवला होता. त्यांनी तो बघितला, बाजूला ठेवला आणि त्यांच्या रापीने कड तासून दाखवली, कागदाइतकी पातळ. अशा माणसाकडे जाताना त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वेळी जाऊ नका, त्यांचा दर पाडू नका, आणि फुकट शिकू नका. आपला तो रविवार आहे, त्यांचं पोट आहे.

सोबतीचं आणि शिकण्याचं दुसरं दार घुमटाचं. मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं हे वाद्य 2019 साली गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. आता ते वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून बकरीचं लावतात. कुणी 'खरं जुनं' दाखवू लागलं तर हातही लावू नका. ओलं कातडं ताणून बांधायचं, वाळलं की घट्ट बसतं, आणि पावसात सैल पडलं की ऊब देऊन पुन्हा आवाज आणायचा. चतुर्थीच्या आधी आरतीच्या तालमी चालतात, तिथे बसा. डिचोलीत मडकी घडवणारे कुंभार आहेत, त्यांच्याकडे जाऊन या. मी ताणायला शिकलो ते तिथून.

तिथे कोंकणीत बोला, मोडकी का होईना. आणि कोंकणी ही मराठीची बोली, हे वाक्य तोंडातून काढू नका. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळचं कोंकणी की मराठी हे भांडण इथल्या लोकांच्या आठवणीत आहे, आणि तुम्ही तर कालच आलात. 'देव बरें करूं', म्हणजे आपलं धन्यवाद, म्हटलं की चेहरा बदलतो. आमच्या वाड्यावरच्या पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, मी कोयता अडकवायचा कमरपट्टा करून दिला. तेव्हापासून आमच्या घरी शहाळं विकत आणलेलं नाही.

नव्याने येत असाल तर पहिली खरेदी ऑक्टोबरनंतर करा. मेमध्ये घेऊनच आला असाल आणि जागा नसेल, तर फोंड्याला या. माझ्या बल्बच्या कपाटात उजवीकडचा कप्पा रिकामा आहे.