रिअल इस्टेट फंडावर बेअर पुट स्प्रेड कसा करावा

व्याजदर वाढल्यामुळे रिअल इस्टेट फंडाचा भाव उतरेल, पण कोसळणार नाही, असा अंदाज असेल तरच हा व्यवहार करावा. समजा, भाव ९० आहे. तेव्हा ९० स्ट्राइकचा पुट, म्हणजे मुदतीपर्यंत फंड ९० या ठरलेल्या भावाला (स्ट्राइकला) विकण्याचा हक्क, ४ प्रीमियम (हक्काची किंमत) देऊन घ्यावा आणि त्याच मुदतीचा ८२ चा पुट १.५ ला विकावा, म्हणजे निव्वळ खर्च, आणि तोच कमाल तोटा, २.५ होतो. मुदतीअखेर भाव ८७.५ च्या खाली असल्यास नफा होतो. ८२ वर किंवा त्याखाली तो ५.५ वर थांबतो. पुटच्या खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर मोठे असल्यास दोन्ही व्यवहार एकाच लिमिट ऑर्डरने (ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच पूर्ण होणाऱ्या ऑर्डरने) करावेत. ते एकेक करून जमवण्याची हौस, माझ्या मते, महागात पडते.